रिकामा धोटा

माझी थोरली लेक सातव्या महिन्यातच जन्मली, वडगावच्या आमच्या घरात, हातमाग चालायचा त्या मागघराला लागून असलेल्या खोलीत. त्या दिवसांकडे मन वळलं की आधी आठवते ती शांतता, लेक त्यानंतर.

ओंजळीत मावेल एवढी होती ती. वर कापूस पांघरून, उघड्या छातीशी धरून मी पडून असायचे. शेगडीची ऊब, ओव्याच्या धुरीचा वास, आणि कौलातल्या काचेतून उतरलेला उन्हाचा तुकडा जमिनीवरून सरकत सरकत माझ्या पायांशी येई. मी जागी आहे की झोपेत, माझं मलाच कळत नसे. दूध मात्र येत होतं, चोळी भिजत होती. पण लेक प्यायची नाही. तोंडाशी धरली की डोळे मिटून गप्प.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्या मला वाटीत दूध पिळायला लावत आणि कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब तिच्या ओठांत सोडत. निम्मं गालावरून ओघळायचं. "असं किती दिस चालनार? अंगावर प्याली तरच जगंल," त्या म्हणत. बाळंतिणीसमोर असं बोलू नये, हे त्यांना सांगणार कोण! मला त्यांचा भारी राग यायचा. त्याहून भीती वाटायची, की त्या म्हणतात ते खरं आहे.

शांततेचं कारण साधं होतं. बाळंतपणाचं सोयर फिटेपर्यंत घरच्या मागाला हात लावायचा नाही, सुताला विटाळ होतो, असा आमच्याकडचा रिवाज. त्यात पोर नाजूक, तिची झोप मोडायला नको, म्हणून शेजाऱ्यांनीही आपापले माग बंद ठेवले होते. विणकरांची गल्ली आणि मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा आवाज नाही! माणसं दारावरून जाताना चपला हातात घेऊन जात. इतकी माया, की बोलायची सोय नव्हती.

मग एका दुपारी भिंतीपलीकडून माग सुरू झाला. खटक खट, खटक खट. पलीकडची आक्का खानापूरकडच्या माहेराहून नुकतीच आली होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला डुलकी लागली होती. स्वप्नात मी दिवस गेलेली, सासरे मागावर बसलेले, आणि त्यांच्या शेजारी मी धोट्यासाठी कांड्यांवर सूत भरते आहे. पोटात काहीतरी हललं. डोळे उघडले तर ते पोटात नव्हतं, छातीवर होतं. लेकीचं तोंड काहीतरी शोधत होतं. मी तिला जवळ घेतली आणि ती चक्क ओढू लागली.

आत्या तरातरा दाराकडे निघाल्या होत्या. "आगं ए, बंद कर तुझा माग! लेकरू निजलंय!"

"नगा, आत्या! चालवू द्या तिला!" मी ओरडले. सासूवर आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ. त्या वळून आल्या, वाकून बघितलं आणि मटकन खालीच बसल्या.

तेवढ्यात आक्का बिचारी घाबरून थांबली होती. माग थांबला, तशी लेकही थांबली. आत्यांनी भिंतीवर थाप मारली. पलीकडे पुन्हा खटक खट सुरू झालं, आणि इकडे लेक पुन्हा प्यायला लागली. इतके महिने ती माझ्या पोटात मागाशेजारीच तर बसली होती. तिच्या लेखी ती खटखटच जागेपणाची खूण असावी.

दुसऱ्या दिवशी आक्काच्या मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपला. नवा चढवायचा म्हणजे वेळ लागणार, आणि बाकीची गल्ली दुपारी बाजाराला गेलेली. लेकीने पुन्हा तोंड मिटलं. मी रडायला लागले. आत्या मागघरात गेल्या आणि पदर खोचून, पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यात उतरल्या.

"सोयरात मागाला शिवतीस?" सासरे दारातूनच ओरडले.

आत्यांनी धोट्यातली कांडी काढून बाजूला ठेवली. "इटाळ सुताला न्हवं? ह्यात सूत कुठं हाय?"

आणि त्यांनी रिकामा धोटा फेकला. पायाखाली पावड्या दबल्या, फणी आपटली. खटक खट. कापड बोटभरही वाढत नव्हतं. सासरे डोक्यावरची टोपी काढून उगाच हातात फिरवत उभे राहिले. मी लेकीला जवळ घेतली. तिचे ओठ हलले, मग गळा हलला.

"पितीया का गं?" आत्यांनी मागावरून विचारलं.

"व्हय, आत्या. लई चांगली पितीया."

मग त्या समोर बघतच म्हणाल्या, "माझा पयला ल्योक बी सातव्यातलाच. त्याच्यासाठी बी समद्यांनी माग बंद ठेवलते. त्यो अंगावर प्यालाच न्हाई."

लेक पोटभर पिऊन झोपली, तरी त्यांचा धोटा थांबला नाही.