मुदत संपलेली मोटरसायकल

आमच्या बंगलोरच्या घराच्या मागच्या पडवीत तेव्हा एक मोटरसायकल होती, आणि तिच्यापायी माझी झोप उडाली होती. तिच्यावर मी दोन चादरी आणि एक जुनी गोधडी घातली होती. बघणाऱ्याला वाटावं, आत म्हैस बसली आहे. तरी रस्त्यावर जीप थांबली की मी आधी पडवीचं दार लावून घ्यायचे.

गाडी चोरीची नव्हती. यांना सरकारी कारखान्याने इंग्लंडला शिकायला पाठवलं होतं. शिक्षण संपलं की चारचौघं बोटीने परत येतात. आमच्या शहाण्याने तिथे मोटरसायकल घेतली आणि तुर्कस्तान, इराण करत ती थेट घरापर्यंत चालवत आणली. गाडीबरोबर परवान्याचं एक पुस्तक होतं. प्रत्येक देशात शिरताना त्यातलं एक पान फाडून द्यायचं, बाहेर पडताना दुसरं. आपल्या सरहद्दीवर शिरतानाचं पान गेलं, बाहेर पडतानाचं तसंच राहिलं. सहा महिन्यांत गाडी देशाबाहेर न्यायची, नाहीतर जकात भरायची, आणि जकात गाडीच्या किमतीहूनही भारी.

यांचा बेत सोपा होता. धनुष्कोडीला जायचं, बोटीने सिलोनला उतरायचं, गाडी तिथे विकून यायचं. रजाही मंजूर झाली. पण निघायचा दिवस आला नेमका पितृपक्षात. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"पंधरवडा संपू दे. मग लंकेला काय, लंकेच्या पलीकडे जा."

अर्धं जग पालथं घातलेला माणूस निमूटपणे बूट काढायला बसला. पंधरवडा संपला तेव्हा परवान्याची मुदतही संपली होती.

हे कस्टमच्या कचेरीत गेले आणि पांढरेफटक होऊन परत आले. मुदत संपलेली गाडी म्हणजे चोरटा माल. प्रकरण वरच्या कचेरीत, मद्रासला गेलं की कारखान्याला कळणार, आणि मग नोकरी राहत नाही. पगार कारखान्याचा, डोक्यावरचं छप्परही कारखान्याचं. एकच वाट उरली होती. कस्टमने दिलेल्या नव्या मुदतीच्या आत, त्यांच्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत, गाडी पुन्हा कधी चालणार नाही अशी मोडायची. मग पुस्तकावर शिक्का मिळाला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

मी म्हटलं, मोडा एकदाची. हे रोज 'उद्या' म्हणायचे. कामावरून आले की गोधडी बाजूला सारून तिच्याजवळ बसायचे. एका संध्याकाळी बघते तर मोडायच्या गाडीच्या साखळीला तेल देणं चाललेलं. मी तडकले.

"आता खणानारळाने तिची ओटीही भरा!"

हे हसले नाहीत. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या अण्णाला घण घेऊन बोलावलं आहे, एवढंच म्हणाले. तेही अगदी मुदतीच्या शेवटच्या दिवशी.

तो दिवस खंडेनवमीचा निघाला. पहिल्या वेळी आमच्या घराने तिथी बघून तारीख चुकवली होती. या वेळी यांनी तारीख बघितली आणि तिथी बघायची विसरले. बंगलोरात त्या दिवशी आयुधपूजा, म्हणजे रस्त्यावरच्या सायकलीसुद्धा हार घालून उभ्या, चाकाखाली लिंबू, दारोदार फोडलेले कोहळे. अण्णा आला नाही म्हणून मी चप्पल न घालताच गॅरेजवर धावले. त्याचा घण, पाने, सगळं झेंडूखाली गेलं होतं. त्याने दोन्ही हात जोडले.

"इवत्तु आगल्ला, अक्का."

आज जमणार नाही. पूजेतलं हत्यार उचललं तर ते वर्षभर हाताला यश देत नाही, असं त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. पुढच्या गल्लीतल्या लोहारानेही तेच सांगितलं.

घरी येते तो अधिकारी येऊन बसलेले. सुट्टी असून आले हीच त्यांची मेहेरबानी. बेळगावकडचे होते, मराठी बोलत.

"अक्का, स्वल्प लवकर बघा की. आमच्या घरातबी पूजा हाय. आज झालं नाही तर उद्या माझ्या हातात काय राहत नाही बघा."

हे पडवीत गाडीजवळ उभे, जणू त्या गावचेच नव्हेत. मला आमचं सामान रस्त्यावर मांडलेलं दिसायला लागलं.

आणि घरात हत्यारं होती. सकाळी मीच ती देवापुढे पाटावर मांडली होती. यांचा हातोडा, पाने, कानस, माझी विळी, कात्री, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं. सासूबाई तिथेच जप करत बसल्या होत्या. देवाची भीती मला वाटली, नाही कशी? पण मद्रासच्या जीपची जास्त वाटली. मी हातोडा उचलला. त्याच्यावरचं फूल घरंगळून सासूबाईंच्या मांडीवर पडलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

हातोडा यांच्या हातात दिला तर हे नुसते धरून उभे राहिले. अधिकारी घड्याळाकडे बघून खाकरले. मग मीच तो हिसकावून घेतला आणि पुढच्या दिव्यावर घातला. काच खळ्ळकन फुटली. दुसरा घाव टाकीवर बसला, तर नुसता पोचा आला.

"दे इकडे," हे म्हणाले. "तिथे मारून तिला काही होत नाही."

त्यांनी पाने मागितले. मी पाटावरून एकेक आणून देत गेले. त्यांनी इंजिन उघडलं, आणि कुठे मारलं की ते पुन्हा उभं राहणार नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? फार घाव लागले नाहीत. काळं तेल फरशीवर पसरलं. अधिकाऱ्यांनी वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, "साहेब, इंजिनावरचा नंबर अजून वाचायला येतोय."

यांनी कानस मागून घेतली आणि गुडघ्यांवर बसून नंबर घासायला लागले.

शिक्का मारून अधिकारी गेले. माझी भीती गेली, इतकी की मला सपाटून भूक लागली, आणि त्या भुकेची लाज वाटली. मी ताटं वाढली. हाक मारली, पुन्हा मारली. शेवटी बघायला गेले. नंबर केव्हाच गेला होता, आणि हे घासतच होते.