येसूच्या मांजरीनं अन्न सोडलं

"मांजर? अहो, आपण गुरांना लस टोचायला आलोय," इन्स्पेक्टरसाहेब माझ्यावर खेकसले.

पोलादपूरच्या धर्मशाळेपुढे बैलांची रांग लागली होती. त्या रांगेत एक बाई पाटी घेऊन उभी होती आणि पाटीत फडक्याखाली मांजरी होती.

"साहेब, जेवणाच्या सुट्टीत बघतो हिला. माझं जेवण बुडेल, कॅम्पचं काम नाही."

"बघा काय करायचं ते," म्हणून साहेब पुढच्या बैलाकडे वळले.

मी तेव्हा महाडच्या गुरांच्या दवाखान्यात व्हेटर्नरी असिस्टंट होतो. लोकांच्या भाषेत ढोरांचा डागदर. पावसाळ्याआधी गावोगाव फिरून घटसर्पाची लस टोचायची, हे आमचं काम. या रोगात जनावराचा गळा सुजतो आणि ते बघता बघता जातं. मांजर या कामात बसत नव्हतं. पण उपाशी जनावर समोर दिसलं की मला घास जात नाही, त्याला इलाज नाही.

बाईचं नाव सखूबाई. आंबेनळीच्या पायथ्याच्या वाडीतली. मी केस हिस्टरी घ्यायला बसलो, म्हणजे दुखणं कधी आणि कसं सुरू झालं ते विचारायला.

"गेल्या बाजारापासून अन्न सोडलंय हिनं," ती म्हणाली. "दूध नाय, भात नाय."

खाणं सुटलेल्या मांजरीबद्दल पहिला प्रश्न एकच असतो. ती ताटलीपाशी जाते का? जातच नसेल, तर ताप किंवा पोटातला रोग असू शकतो. जाऊन परत फिरत असेल, तर भूक आहे आणि अडचण बहुधा तोंडात आहे.

"जाते ना डागदर. हुंगते, माझ्याकडं बघते नि माघारी फिरते. पिंडावरच्या कावळ्यासारखी."

असं उत्तर मला आजवर कोणी दिलं नव्हतं. मग तीच बोलत गेली.

मांजरी तिच्या लेकीची, येसूची. येसू संक्रांतीच्या सुमारास बाळंतपणात गेली. मुलगी जगली. जावई मुंबईला गिरणीत, म्हणून ती तान्ही पोर आत्याकडे दिली होती. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. 'पोरीला सांभाळीन म्हण, येसूचा जीव तिच्यात अडकलाय,' असं सगळे सखूबाईला सांगत होते. तिचं तोंड उघडलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून लावला.

"माझी लेक खाल्ली त्या पोरीनं. तोंड नाय बघितलं मी तिचं," ती म्हणाली. "आता ही येसूची मनी अन्नाला शिवत नाय. हिच्यापुढं बसून सगळं कबूल केलं. ओटी भरीन म्हटलं, सवाष्ण जेवू घालीन म्हटलं. ऐकत नाय. ही गेली तर माझी येसू दुसऱ्यांदा जाईल, डागदर."

आणखी काय कबूल करायचं राहिलं होतं, ते तिला ठाऊक होतं आणि आता मलाही.

मनीच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. तोंडाला घाण वास. मध्येच ती पंजानं गाल ओरबाडायची. मी तिला गोणपाटात मान तेवढी बाहेर ठेवून गुंडाळलं, कारण मांजर कितीही खंगलं तरी नखं खंगत नाहीत. "घट्ट धरा," मी सखूबाईला सांगितलं. साहेब कपाळाला आठ्या घालून जवळ आले, पण उजेड अडतोय असं मी म्हणताच बाजूला सरकून उभे राहिले.

जबडा उघडला. टाळूला आडवा, दोन्हीकडच्या वरच्या दाढांमध्ये, माशाचा काटा पाचरीसारखा बसला होता. खालचं मांस सडू लागलं होतं. मी चिमट्यानं धरून हिसका दिला. काटा हलेना. मनी गोणपाटातून अशी ओरडली की सखूबाईचा धीर सुटला.

"आणीन गो येसू, आणीन! तुझ्या पोरीला घरी आणीन!"

दुसऱ्या हिसक्याला काटा आला.

मी जखम जंतुनाशक पोटॅशच्या पाण्यानं पुसली आणि धर्मशाळेतून कोमट पेज आणवली. उपाशी जनावराला एकदम पोटभर देऊ नये, म्हणून वाटीत थोडीच ओतली. मनीनं हुंगली, सखूबाईकडे पाहिलं आणि लपलपा चाटायला लागली. सखूबाई पदर तोंडात कोंबून रडली. मलाही भरून आलं.

पण मी डागदर. काटा तिच्या तळहातावर ठेवला. "बाई, हे कारण. कोणीतरी माशाचं मुंडकं टाकलं असेल. कबुलीचा इथे काही संबंध नाही."

तिनं काटा उलटसुलट करून पाहिला. "शेजारणीनं टाकलं व्हतं खरं. काटाच व्हता, व्हय." मग पाटी उचलत म्हणाली, "पर मी बोलले ते बोलले."

पाऊस सरल्यावर मी पुन्हा त्या भागात गेलो. सखूबाई वाटेतच भेटली. कडेवर पोर, मागे गुबगुबीत मनी.

"डागदर, ही सकाळपासून दूध घेत नाय. हिचं तोंड बघा जरा."

"बाई, मी ढोरांचा डॉक्टर."

"बघा तर."

मी बोट पुसून पोरीच्या हिरडीवर फिरवलं. दात येत होता. तसं सांगितल्यावर सखूबाईनं स्वतः वाकून, पोरीचं तोंड उघडून, कितीतरी वेळ आत पाहिलं.

खाणं सुटलं की आधी तोंड बघावं. बाकीची कारणं मागाहून शोधता येतात.