नकाशावरची मोकळी जागा

त्याला मी पहिल्यांदा नीट पाहिले ते शाळेच्या पालकसभेत. तुमची मुलगी हुशार आहे, तिला विज्ञानाकडे जाऊ द्या, असे मी त्याला सांगत होते. मुलांचे कौतुक ऐकले की पालक लाजून हसतात. हा मासेमार गृहस्थ मात्र बाकाच्या टोकाला, केव्हाही उठून जाता येईल असा बसला होता. माझ्याकडे रोखून पाहत त्याने विचारले, "कशावरून?"

मी उत्तरपत्रिका पुढे केली. त्याने ती उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाला, सगळ्यांनाच असे सांगत असाल. मी म्हटले, नाही, तुमच्या शेजारच्या गृहस्थांना आत्ताच उलटे सांगितले आहे. शेजारच्यांचा चेहरा पडला, आणि याचे मात्र थोडे समाधान झाले.

पुढे कळले की बंदरावर त्याला 'कशावरून' असेच म्हणतात. डॉक्टरने साधा ताप आहे म्हटले, तर हा दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन पहिला डॉक्टर कसा आहे याची चौकशी करी. मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर त्याची बायको मला एकदा म्हणाली, "मी हाक मारली तरी आधी कोण म्हणून विचारतात. घरात आम्ही दोघंच असतो."

या संशयाला एक जागा मात्र खरीच होती, आणि ती समुद्रात होती. त्याच्या सासऱ्याला मुलगा नव्हता. अखेरच्या आजारात त्याने जावयाला जवळ बोलावून, पाण्याखालचा एक खडक कुठे आहे ते सांगितले होते. किनाऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीचे टोक आणि मागच्या टेकडीची खाच एका रेषेत आली, की होडी खडकावर आली समजायचे. तिथे मोठे मासे मिळत. मुलीचे कॉलेज त्या खडकावरच झाले. तो निघताना मुद्दाम उलट्या दिशेला वळे. मागून कोणी येताना दिसले, तर भलत्याच पाण्यात गळ टाकून बसून राही. होडीतल्या रेडिओवर दुसऱ्या होडीवरून कोणी विचारले, तर बंदराच्या दुसऱ्या बाजूचे ठिकाण सांगे. ही थाप तिथे सगळेच मारतात, हा जरा नेटाने मारी.

मुलगी शिकून समुद्र संशोधनाच्या कार्यालयात लागली. या समुद्राला चार देशांचे किनारे आहेत. एकाच्या पाण्यात अंड्यातून निघालेला मासा दुसऱ्याच्या पाण्यात वाढतो आणि तिसऱ्याच्या जाळ्यात सापडतो. तेव्हा पाणी किती तापते आहे, मासे कुठे अंडी घालतात आणि होड्या कुठे जातात, याचा चौघांनी मिळून एकच नकाशा करायचा असे ठरले होते. त्यासाठी प्रत्येक होडीला मनगटाएवढ्या जाडीचे एक नळकांडे मिळणार होते. ते जाळ्याला नाहीतर गळाच्या दोरीला बांधायचे. खोली, पाण्याची ऊब आणि ठिकाण त्यात आपोआप नोंदले जाई.

नळकांडी वाटायला मुलगी स्वतः धक्क्यावर आली. कोणी पटकन हात पुढे करीना. पूर्वी एकदा अशीच पाहणी झाली होती आणि तिच्यामागून मोठी जहाजे येऊन तळ खरवडून गेली होती. आज पाणी मोजतील, उद्या आपल्याला हाकलतील, अशी कुजबुज होती. कशावरूनने नळकांडे कानाशी नेऊन हलवून पाहिले.

"बाबा, मी आहे ना यात," ती म्हणाली. "तुझा माझ्यावर पण विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. तुझ्या वर कोण बसलंय?"

वर बसलेल्या सगळ्यांना ती तरी कुठे भेटली होती? पण चारचौघांत मुलीला नाही म्हणणे त्याला जमले नाही. त्याने नळकांडे घेतले, ते पाहून बाकीच्यांनीही घेतले.

त्यानंतर सकाळी फिरायला जाताना मला एक गोष्ट खटकू लागली. बंदराच्या अलीकडे एक चिखलाची खाडी आहे. तिथे मासा औषधालाही मिळत नाही. तरी तिच्या मधोमध एक पांढरा प्लास्टिकचा कॅन तरंगत असे. कशावरूनची होडी तिथे क्षणभर थांबे आणि बाहेर निघून जाई. परतताना तो कॅनखालचा दोर ओढून काहीतरी उचली. माझ्या मनात नको ते आले. चोरीचा माल असेल का? एकदा त्याला सहज विचारल्यासारखे विचारले. तो म्हणाला, "बाई, या वयात खाली बघून चालावं. पाय मुरगळतो." मी समजले आणि खाली बघत घरची वाट धरली.

साधारण दीड वर्षाने शाळेच्या सभागृहात बैठक भरली. मला जुनी शिक्षिका म्हणून पुढच्या रांगेत बसवले. दुसऱ्या देशातून आलेल्या एक उंच शास्त्रज्ञ बाई बोलत होत्या आणि मुलगी त्यांचे बोलणे आपल्या भाषेत सांगत होती. पडद्यावर नकाशा होता. होड्या जिथे मासे मारतात तिथे ठिपके होते, आणि मधे एक तुकडा अगदी कोरा. बाई म्हणाल्या, इथे मासे अंडी घालायला येतात आणि सुदैवाने एकही होडी इथे जात नाही. तेव्हा ही जागा मासेमारीला कायमची बंद केली, तर कोणाच्या पोटावर पाय येणार नाही. चारही देश सही करायला तयार आहेत.

मग त्यांनी चिखलखाडीवरच्या एका जाड ठिपक्यावर बोट ठेवले. ही होडी रोज तासन्‌तास इथेच असते, ती काय पकडते ते आम्हाला कळलेले नाही. मागून कोणीतरी म्हणाले, "चिखल पकडत असेल." सगळे हसले.

मी वळून पाहिले. तो हसत नव्हता. पुढच्या खुर्चीची पाठ त्याने घट्ट धरली होती. गप्प बसला तर खडक कायमचा जाणार होता. बोलला तर बंदरातल्या सगळ्या होड्यांना जागा कळणार होती, आणि बापाने आपल्याला फसवले हे मुलीला सगळ्यांसमोर कळणार होते. त्याने दाराकडे पाहिले. मग उठला.

"ती जागा मोकळी नाही."

"तुम्हाला कसं माहीत?" मुलीने विचारले. बाबाला तिने 'तुम्ही' म्हटलेले मी कधी ऐकले नव्हते.

"मी तिथेच मासे मारतो. तुझ्या आजोबांची जागा आहे ती. नळकांडं मी खाडीत सोडून जायचो."

ज्याची होडी त्याच्या शेजारी लागते तो उसळून म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं रेडिओवर तू आम्हाला..."

"आणि तू खरं सांगत होतास?"

मुलीने सगळे शास्त्रज्ञ बाईंना सांगितले, चिखलासकट. एक शब्द गाळला नाही. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, की मग बाकीचे ठिपके तरी खरे आहेत ना? मुलीने सभागृहाकडे पाहिले. बरेच जण आपापल्या चपला न्याहाळू लागले.

सही पुढे ढकलली गेली. नकाशा नव्याने करायचे ठरले, पण कशावरूनची एक अट मान्य झाल्यावरच. कोणती होडी नेमकी कुठे जाते हे नकाशात दिसणार नाही, मोठे चौकोन तेवढे दिसतील, आणि मूळ नोंदी बंदरातल्या मच्छीमारांच्या सोसायटीकडे राहतील. चौथ्या देशाने कुरकुर केली, शेवटी कबूल झाला.

मुलगी त्या दिवशी घरी जेवायला गेली नाही. बरेच दिवस ती फक्त आईशी फोनवर बोले. मग एकदा न सांगता धक्क्यावर आली, पाण्याखालचा कॅमेरा घेऊन. "चल, दाखव," एवढेच म्हणाली. तो तिला खडकावर घेऊन गेला. जाताना होडी सरळ नेली.

करार झाला तो असा: अंडी घालण्याच्या हंगामात खडक बंद, एरवी फक्त गळाने मासेमारी, आणि कोणत्याही देशाचे मोठे जहाज तिथे येणार नाही. ते खरेच येत नाही ना, हे पाहायला तो अधूनमधून रिकामाच जाऊन येतो.

आता खडकावर त्याच्यासकट पाच होड्या असतात आणि मासे पूर्वीपेक्षा कमी मिळतात. बंद हंगामात तो धक्क्यावर दुसऱ्यांची इंजिने दुरुस्त करतो.