अंजनाच्या विहिरीतला फरा

मी तोंडाची फटकळ, साऱ्या शिरपूरले ठाऊक हाये. पन अंजनापुढं माह्यं काही चालत नाई. तिची भाजीची वाडी अन् आमची वाडी एकाच धुऱ्याची, मधात नुसता बांध. मेथी, पालक, वांगे काढायचे, गाठोडे बांधून वाशीमच्या बाजारात न्यायचे, अन् कपाळावर हे मोठं कुंकू. ते कुंकूच लोकायच्या डोळ्यात सलत होतं.

तिचा नवरा बबनराव बऱ्याच वर्सांखाली एका सांजेले घरातून गेला तो गेलाच. त्या दिवशी तो विहिरीवरची मोटार बंद करायची भुलला, पालक सारा पान्याखाली गेला. अंजना भडकली. "तोंड काळं करा इथून," म्हनाली. तो वाढलेल्या ताटावरून उठला. कारंज्यापर्यंत शोधलं, ठाण्यात खबर देली, पत्ता नाई. तवापासून तिले एकच ध्यास. मानूस परत यावा अन् आपन तो शब्द मागं घ्यावा.

यंदा उन्हाळ्यात तिची विहीर उपसाले घेतली. गाळासंगं एक चपटं, तिकोनी हाड वर आलं. खांद्याचं हाड, आमी त्याले फरा म्हंतो. बबनरावाचे थोरले भाऊ भगवंतरावायनं ते उचलून आपल्या खांद्याले लावून पाह्यलं.

"माह्या भावाचा खांदा," म्हने. "इथंच पडला, अन् आपन याचंच पानी पेत राह्यलो."

माय वो! साऱ्या आळीनं ते पानी पेलं होतं.

"एका हाडावरून मानूस कसा ठरवता जी?" मी म्हन्लं. "बाकीचा कुठी गेला?"

"गाळात," ते म्हनाले. मंग विहिरीत वाकून पाह्याची कोनाची छाती झाली नाई.

अस्थी घरात आनत नाई, म्हून हाड फडक्यात बांधून नाल्याकाठच्या बाभळीले टांगलं. वारा नसला तरी ते गाठोडं आपलं हळूहळू फिरे. बायायनं तिकडून जानंच सोडलं. हाड सापडलं तो दिवस धरून भगवंतरावायनं दशक्रिया ठरवली.

त्या सकाळी माही पोरगी तनुजा वाशीमहून एसटीनं आली. ती कॉलेजात प्रानीशास्त्र शिकते. तिनं गाठोडं सोडलं, हाड उलटंपालटं केलं.

"आई, हे मानसाचं नाई. मानसाच्या खांद्याच्या पात्याले, अंसफलकाले, पुढं एक वाकडं टोक राह्यते, कावळ्याच्या चोचीसारखं. त्याले अंसतुंड म्हंतात. इथं त नुसतं टेंगूळ हाये. हा बैलाचा फरा."

अंजनानं तिचं तोंड कुरवाळलं अन् मले म्हनाली, "म्हंजे ते हायेत! आयकलं का वैनी, हायेत ते!" मलेही लय बरं वाटलं.

भगवंतरावायनं हट्ट सोडला नाई. पाहुने आले होते, महाराज बसले होते. "पोरीच्या पुस्तकापायी भावाले भुकेलं ठेवू का?" म्हने.

"मांडा पिंड," अंजना म्हनाली. "बैलाच्या हाडाले कोनता कावळा शिवते, पाहूच."

पिंड मांडला. बाभळी कावळ्यायनं भरून गेल्या, पन एकही ओरडेना, एकही उतरेना. मेलेल्याच्या मनातली गोष्ट कबूल केली की कावळा शिवते, म्हून भगवंतराव हात जोडून बोलले, "तुही वाडी सांभाळू." कावळे ढिम्म. "तुह्या बायकोले अंतर देनार नाई." ढिम्म. शेवटी महाराजायनं दर्भाचा कावळा कराले घेतला. अंजनानं मले कोपरानं ढोसलं. "सांगतलं होतं ना!" ती हासून राह्यली होती.

मंग ती उठली अन् पिंडाजवळ जाऊन बसली. मानूस दूर कुठीतरी जिता हाये, त्यालेच सांगावं, असं तिच्या मनात आलं.

"अवो, असाल तिथून घरी या जी," ती म्हनाली. "मी तो शब्द मागं घेतला. माह्या मनात राग नाई."

बोलनं सरलं नाई त बाभळीवरून एक कावळा सुटला. त्यानं सरळ पिंडावर चोच मारली.

"शिवला, शिवला!" करत लोक उठले. भगवंतराव रडाले लागले. तनुजाचं तोंड पांढरं पडलं. अंजना तिथंच बसून, हात अजून जोडलेले.

"वैनी," ती मले म्हनाली, "त्यायले आयकू आलं वो." अन् इतक्या वर्सांत पहिल्यांदा तिनं हंबरडा फोडला.