माउसची खोळ

आमच्या परळीत वीज केंद्राची राख कुठंही शिरती. भांड्यात, अंथरुणात, कानात. म्हणून माझी बायको दिसंल त्या वस्तूला खोळ शिवायची. टीव्हीला, मिक्सरला, माझ्या सायकलच्या सीटला. सुनेनं घरात कॉम्प्युटर आणला आणि छापखान्यासाठी लग्नपत्रिका तयार करायचं काम धरलं, मग पुढं हिनं माउसलाही खोळ शिवली. जुन्या खणाच्या चोळीची. चाकासाठी सदऱ्याला असतं तसं काज केलं. खालून लाल उजेड पडतो तिथं गोल भोक ठेवून कड दुमडून लाल दोऱ्यानं शिवली. गल्ली हसली. मी म्हणलो, माउसला चोळी घातली बाईनं.

"हसा," ती म्हणली. "तुमच्यापेक्षा जास्त टिकंल."

टिकला. सुनेचे आधीचे माउस राखेनं लवकरच बसलते. हा चालतच राहिला.

टिकली न्हाई ती. मागच्या उन्हाळ्यात गेली. तिची लुगडी लेकीबाळींनी वाटून नेली, रीतच हाय. बाकीच्या खोळी धुऊन धुऊन विरल्या. ही एकच राहिली. मी रोज सुनेच्या टेबलाजवळ जाऊन बसायचो. तिला वाटायचं, मामा काम बघतेत. मला त्या कामातलं काय कळतंय? मी शिवण बघायचो.

एक दिवस सकाळीच माउस बिघडला. पडद्यावरचा बाण एका जागी थरथरायचा, पुढं सरकायचा न्हाई. पत्रिका त्याच दिवशी द्यायची होती. मी म्हणलो, दुरुस्त करून आणतो. सून म्हणली, "मामा, उघडायचा म्हणलं तर खोळ उसवावी लागंल."

मी तो खिशात घातला आन निघालो.

स्टेशनजवळ कॉम्प्युटरचं दुकान हाय. दुकानदारानं माउस उलटासुलटा करून बघितला. म्हणला, बाबा, ह्याला आता फेका, नवा घ्या, नव्याला गॅरंटी हाय.

"माणसाची गॅरंटी न्हाई, माउसची काय सांगतो बे," मी म्हणलो. "उसवायचं न्हाई. तसाच बघ."

त्यानं कात्री उचलली. पण ती त्यानं बाजूला सारली आणि चिमटा घेतला. माउस उजेडाला धरला, त्या भोकात चिमटा घातला आणि एक दोरा ओढून काढला. खोळीच्या दुमडलेल्या कडेचाच. सुटून नेमका उजेडाला आडवा पडला होता. त्यानं माउस जोडला. बाण सरसर पळाला.

मी तिथंच बाकड्यावर बसलो. छाती मोकळी झाली. इतकं हलकं ती गेल्यापासून वाटलं नव्हतं.

घरी येऊन सुनेला सांगितलं, तुझ्या सासूनंच माउसच्या डोळ्यात दोरा घातलता. ती लई हसली. मग म्हणली, कड परत सुटंल, टाका घालावा लागंल. मी न्हाई म्हणायच्या आत तिनं सुई ओवली होती. घरात लाल दोरा नव्हता, काळाच घेतला. वाकडातिकडा टाका. मला वाटत होतं, त्या शिवणीला दुसऱ्या कुणाचा हात लागला की ती मोडलीच. तसं काही झालं न्हाई. खोळ माझ्या बायकोचीच राहिली.

मी म्हणलो, "तिनं बघितलं असतं तर उसवून परत घालायला लावलं असतं."

"माहीत हाय, मामा," सून म्हणली. दातानं दोरा तोडला आणि पत्रिकेच्या कामाला लागली.