भूगावचा पुसलेला ओढा

चांदणी चौक मागे पडला आणि मला शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटायला लागलं. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण बसमध्ये खिडकीची जागा मिळाली होती आणि भूगावात कुणीतरी माझी वाट पाहत होतं.

वाट पाहणारी मुलगी म्हणजे शाहीन. पौडच्या बाजारपेठेत तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे. ती आणि तिचे सोबती वर्षभराच्या फेलोशिपवर आहेत. वाढत्या वस्तीत पाणी, हवा, डास यांचा तब्येतीशी काय संबंध असतो, ते चित्रांतून आणि नाटकांतून दाखवायचं हे त्यांचं काम. भूगावचा बुजलेला ओढा ठाऊक असणारी माणसं त्यांना हवी होती. त्यांचं आवाहन वाचून मी फोन केला. तिथले नकाशे मी काढलेत, एवढंच सांगितलं.

थांब्यावर उतरलो, पाय घसरला आणि ओल्या निळ्या रंगात बसलो.

"काका, आमचा ओढा आहे तो," शाहीन मला उठवत म्हणाली. "त्यात पडलेले तुम्ही पहिलेच."

चुन्यात नीळ कालवून मुलांनी ओढ्याची जुनी वाट रस्त्यावर रंगवली होती. सोनकीच्या फुलांनी पिवळ्या झालेल्या टेकडीखाली ती सुरू होत होती आणि बंगल्यांच्या कुंपणांना चाटत एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरत होती. तिथं दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, डास होतात, मुलं डेंगीनं फणफणतात. मी गुडघे विसरून त्या निळ्या पट्ट्यावरून चालत सुटलो. वळण न् वळण बरोबर होतं.

दुपारी खानावळीत इंद्रायणीचा वाफाळता भात आणि पिठलं झालं. मग देवळाच्या मंडपात संध्याकाळच्या पथनाट्याची तालीम. मुंडासं बांधलेला एक पोरगा पाटीनं माती ओतत होता आणि बाकीचे गात होते, "म्हाताऱ्यानं ओढा गिळला गं बाई."

"हा कोण?" मी विचारलं.

"थबाजी तात्या. जमीन विकण्याआधी त्यांनीच ओढा बुजवला. सगळं गाव सांगतं," शाहीन म्हणाली.

"त्यांनी नाही बुजवला," मी म्हणालो. गाणं थांबलं. "ओढा दाखवला तर प्लॉट कमी निघतात, असं बिल्डर म्हणाला. मी नकाशात तो काढलाच नाही. मग त्यानं डंपरनं मुरूम टाकला. पुढे पाणी भरायला लागलं तेव्हा त्यानं थबाजींकडे बोट दाखवलं. जमीन विकतानाच्या नकाशात ओढा नव्हताच, म्हणजे तो आधीच बुजवलेला असणार, हे लोकांना पटलं. मी गप्प बसलो."

शाहीननं त्या पोराचं मुंडासं काढलं. "काका, संध्याकाळी तुम्हीच उभे राहा. तात्यांना मी बोलावून आणते."

संध्याकाळी पार्किंगपाशी, निळ्या पट्ट्याभोवती गाव आणि सोसायटी दोन्ही जमली. थबाजी तात्या पुढेच बसले होते, हाताची घडी घालून. मी नाव सांगितलं, काम सांगितलं, जे केलं ते सांगितलं. त्यानंतर नाटकात मला झाडूनं तो पट्टा पुसायचा होता. झाडू हातात घेतला आणि हात हलेना.

"पुसा की सायब," तात्या बसल्या जागेवरून म्हणाले. "तवा बरं झटक्यात पुसलंसा."

लोक हसले. मीही हसलो आणि पुसला. हलगी कडाडली, मुलांनी नव्या निळीनं तो पुन्हा ओढला आणि सोसायटीतल्या एका बाईंनी आपली स्कूटर पट्ट्यावरून बाजूला घेतली.

गर्दी पांगल्यावर मी तात्यांपुढे हात जोडले. "फार उशीर केला मी."

"व्हय, केलासा. माझी कारभारीण ह्येच टोमणं ऐकत देवाघरी गेली." ते उठले, धोतर झटकलं. "रविवारी पिरंगुटच्या बाजारात हाय न्हवं ह्यो ख्योळ? माझं व्याही हायेत तितं. तेबी मला लई बोलत्यात. तुमी यायचं."

परतीच्या बसमध्ये उभं राहावं लागलं, तरी मन तरंगत होतं. तात्यांनी माफ केलं नाही, आणि त्यांनी ते करावं असं मलाही वाटत नाही. पण माझ्या गप्प बसण्यानं त्यांचं नाव जिथंजिथं गेलं, तिथंतिथं जाऊन ते परत आणता येतं, हे मला या वयात कळलं. रविवारी मी पिरंगुटला जाणार आहे. व्याही पुढच्या रांगेत बसावेत, एवढंच म्हणणं आहे.