आमच्यावरचा परिसंवाद

आमच्या मंडळाचा गणपती दरवर्षी एका शाळेच्या कॅफेटेरियात बसायचा आणि आरतीनंतर, जेवणाच्या आधी, परिसंवाद असायचा. जेवणाच्या आधी अशासाठी, की नंतर ठेवला तर एकही माणूस थांबला नसता. त्या वर्षीचा विषय होता 'अमेरिकेतील आपली तरुण पिढी : समस्या आणि उपाय'. वक्ते सगळे काका. त्यांतले सर्वांत तरुण काकासुद्धा केसांना कलप लावायचे. आणि ज्यांच्यावर एवढा परिसंवाद, ते आम्ही त्या वेळात पलीकडच्या जिममध्ये व्हिडिओवर हिंदी सिनेमा बघणार, असं कमिटीनं ठरवून टाकलं होतं.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि मला सिनेमा बघत बसणं परवडणारं नव्हतं. कारण त्या उन्हाळ्यात बाबांनी ठरवलं होतं, की पुढच्या जूनमध्ये मला पुण्याला आत्याकडे पाठवायचं. अकरावी, बारावी, पुढचं कॉलेज, सगळं तिकडे.

अशा गोष्टी त्या काळी आमच्या लोकांत सर्रास व्हायच्या. 'मुलगी मोठी व्हायच्या आत परत जायचं,' असं प्रत्येक घरात म्हणत. पण घर घेतलेलं असायचं, धाकट्याची शाळा सुरू झालेली असायची, बाबांना प्रमोशन मिळणार असायचं. मग परत जायचं राहूनच जायचं आणि मुलगी मात्र ठरल्याप्रमाणे मोठी व्हायची. तेव्हा तिला एकटीलाच पाठवून द्यायचे. मंडळातली एक ताई आदल्या वर्षी गेली होती. ती तिकडे छान रमली आहे, असं तिची आई सगळ्यांना सांगायची. तिला जायचं होतं का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि माझ्याही तेव्हा आलं नाही.

बाबांना एकाएकी घाई झाली त्याला कारण होतं. सुट्टीच्या शेवटी आमच्या शाळेतला एक मुलगा अपघातात गेला. त्याच्या मोठ्या भावाचा मित्र गाडी चालवत होता, पार्टीतून पिऊन निघालेला. गावातल्या पेपरात पहिल्या पानावर फोटो आला. बाबांनी तो पेपर वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "बास झालं." त्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरच्या चिप्सची मागणी पडली होती, दर आठवड्याला कुणाला तरी काढत होते, आणि बाबा आधीच कावलेले होते. त्यांच्या हातात नसलेल्या गोष्टी फार झाल्या होत्या. मी त्यांच्या हातात होते. आज मला हे समजतं, पण त्या वेळी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मी रडले, दारं आपटली, जेवले नाही. बाबांनी लक्षच दिलं नाही. आईनं जेवण झाकून ठेवलं. मग माझ्या लक्षात आलं, की घरात मी काहीही म्हटलं तरी ते पोरीचं म्हणणं, आणि स्टेजवरून काकांनी काहीही म्हटलं तरी तो विचार. मग आपणही स्टेजवरच जावं. चार लोकांसमोर बोलले की बाबांना ऐकावंच लागेल, असा माझा हिशेब होता.

मी मंडळाच्या सेक्रेटरी काकांना फोन केला.

"काका, मला परिसंवादात बोलायचंय."

"अगं, तुमच्यासाठी मूव्ही अरेंज केलाय ना. मस्त आहे."

"पण परिसंवाद आमच्यावर आहे."

"तुमच्यावर आहे म्हणजे, तुमच्यासाठी आहे," काका म्हणाले. मग म्हणाले, "आणि हे बघ, स्टेजवर इंग्लिश अलाउड नाही. स्ट्रिक्ट रूल आहे."

"मराठीत बोलीन."

काका हसले. मंडळातली बाकीची मुलं स्टेजवर यायची ती 'शुभं करोति' म्हणायला, आणि त्यातही निम्मी अर्ध्यात आईकडे बघायची. मी पुन्हा फोन केला. मग त्यांच्या घरी जाऊन दारात उभी राहिले. काकूंनी मला आत बोलावलं, लाडू दिला आणि काकांना म्हणाल्या, "बोलू द्या की. पाच मिनिटांत काय आभाळ कोसळणार आहे?" काकांनी पाच मिनिटं दिली, ती मुख्यत्वे काकूंना घाबरून.

आता भाषण लिहायचं होतं. माझी मराठी घरातली होती, 'मीठ दे' आणि 'बाबा आले' एवढ्यावर चालणारी. सभेत बोलायचं म्हणजे आईच हवी. आईनं शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धा गाजवल्या होत्या. तिला मी सांगितलं तेव्हा ती पोळ्या करत होती. तिनं तव्यावरची पोळी उलटली, फुगेपर्यंत थांबली आणि विचारलं, "काय बोलणार आहेस?"

मी सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, जसं तोंडाला येईल तसं. त्यात तो मुलगा होता, शाळा होती आणि आमच्या घरांत काय विचारतात आणि काय विचारत नाहीत ते होतं. आई सगळं ऐकून घेत होती. मला वाटलं आता ती म्हणेल, मी बोलते बाबांशी. ती म्हणाली, "उच्चार सुधारायला हवेत."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहायची आणि आई मला घडवायची. 'ळ' म्हणताना जीभ कुठे लागते, दोन वाक्यांच्या मध्ये किती थांबायचं, हात केव्हा उचलायचा, नजर शेवटच्या रांगेवर कशी ठेवायची. मी म्हटलं, 'ते आमच्याकडे लक्ष देत नाहीत', तर ती म्हणायची, "'कानाडोळा करतात' म्हण, जास्त उठाव येतो." मी म्हटलं, 'मला भीती वाटली', तर तिनं त्याचं 'पोटात गोळा उठला' केलं. आई त्या दिवसांत खुलली होती. आम्ही दोघी मिळून एक हत्यार परजतो आहोत असं मला वाटायचं. ते भलत्याच दिशेनं चालेल, हे आम्हां दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

परिसंवादाच्या दिवशी मी आईची रेशमी साडी नेसले होते आणि ती सुटेल या धास्तीनं जपून चालत होते. काका एकेक करून बोलले. ड्रग्ज, डेटिंग, केबलवरची गाणी, गोमांस. एका डॉक्टर काकांनी 'संस्कार' हा शब्द इतक्या वेळा वापरला, की पहिल्या रांगेतली आजी डुलक्या घ्यायला लागली. उपाय म्हणून रविवारची मराठी शाळा आणि सूर्यनमस्कार निघाले. मग सेक्रेटरी काका म्हणाले, आता आपल्यातलीच एक छोटी वक्ता.

मी माइकसमोर उभी राहिले. शेवटच्या रांगेत बाबा होते, हात छातीवर बांधून. आईनं शिकवलं होतं तशी मी तिथेच नजर ठेवली.

मी म्हणाले, काकांनी आमच्या ज्या समस्या सांगितल्या त्या आम्हांला माहीत नाहीत. आमच्या वेगळ्या आहेत. आमच्या शाळेतला एक मुलगा या उन्हाळ्यात गेला. तो वर्षभर सायन्स लॅबमध्ये माझ्या शेजारी बसायचा. बर्नर पेटवायला मी घाबरायची, म्हणून माझाही तोच पेटवून द्यायचा. शाळा सुरू झाली तेव्हा ते टेबल रिकामं बघून माझ्या पोटात गोळा उठला. शाळेतल्या बाईंनी आम्हांला लायब्ररीत बसवून विचारलं, तुम्हांला काय वाटतंय. घरी आल्यावर मला विचारलं गेलं, गणिताची टेस्ट कशी झाली. बाबांची नोकरी राहील की जाईल हे आम्हांला त्यांच्या चेहऱ्यावरून समजतं, पण त्याबद्दल बोलायची सोय नाही. तुम्ही आमच्या मार्कांकडे डोळ्यांत तेल घालून बघता आणि आमच्याकडे कानाडोळा करता. आणि भीती वाटली की आम्हांला दुसऱ्या देशात पाठवता. मला पाठवू नका. आधी मला विचारा.

'कानाडोळा'वर टाळ्या पडल्या. मला वाटलं, लागलं. मग माझ्या कानांवर पहिल्या रांगेतलं बोलणं आलं. एक काकू शेजारणीला म्हणत होत्या, "ऐकलंत का, 'ळ' म्हणते हो. आमच्या दोघांना अजून येत नाही." डुलक्या घेणारी आजी जागी होऊन डोळे पुसत होती. बोटं मोडून तिनं माझी दृष्ट काढली. अध्यक्ष म्हणाले की हा उतारा पाठ करणं सोपं नव्हे. मला शाल आणि नारळ मिळाला. ज्या परिसंवादात माझ्यावर चर्चा झाली, त्यातलं पहिलं बक्षीस मलाच मिळालं होतं.

जेवणाच्या रांगेत सेक्रेटरी काकांनी मसालेभाताचं ताट सांभाळत बाबांच्या पाठीवर थाप मारली. "मानलं यार. काय मराठी बोलते मुलगी. तू उगाच काळजी करतोस. पुण्यात हिला एक दिवससुद्धा जड जाणार नाही."

बाबांचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं खूश झालेलं मी बघितलं नव्हतं. "हो ना," ते म्हणाले, "तेच एक टेन्शन होतं. आता मिटलं."

माझ्या हातात नारळ होता आणि तो कुठे फेकू असं मला झालं होतं.

घरी जाताना अजून उजेड होता. रस्त्याच्या एका बाजूला जर्दाळूची शेवटची बाग उरली होती, दुसऱ्या बाजूला ऑफिसांच्या नव्या काचेच्या इमारती. बाबा गुणगुणत ड्राइव्ह करत होते. म्हणाले, "आता तिकडे सकाळ असेल. घरी गेल्या गेल्या आत्याला फोन लावतो. मराठीचा प्रश्नच नाही म्हणून सांगतो."

आईच्या मांडीवर प्रसादाचा डबा होता आणि ती त्याचं झाकण उघडबंद करत होती. तिच्याही ध्यानात आलं होतं.

मी म्हणाले, "बाबा, गाडी थांबवा."

"काय झालं? उलटी होतेय का?"

"थांबवा."

त्यांनी बागेच्या कडेला गाडी घेतली.

"मी काय बोलले ते सांगा."

"अगं, सुंदर बोललीस. एकदाही अडखळली नाहीस."

"कशी बोलले ते नको. काय बोलले?"

"म्हणजे, आईवडिलांनी मुलांकडे लक्ष द्यावं, वगैरे."

"लॅबमध्ये माझ्या शेजारी कोण बसायचं?"

त्यांना आठवेना. शेवटच्या रांगेत बसून ते उच्चार ऐकत होते. प्रत्येक अवघड शब्दाला त्यांचा जीव वर-खाली होत होता आणि शब्द नीट पडला की सुटकेचा श्वास. अर्थाकडे लक्ष द्यायला सवड कुठे होती? राग तर आलाच होता. पण त्या क्षणी मी हेही ठरवलं, की या माणसाला समजेपर्यंत मी गाडीतून उतरणार नाही. रात्र झाली तरी चालेल.

तेव्हा मी पुन्हा सांगितलं. या वेळी हात उचलला नाही, कुठे थांबायचं ते पाळलं नाही. "ही वॉज माय लॅब पार्टनर, बाबा. पेपरातला तो मुलगा. तो रोज माझा बर्नर लावून द्यायचा. आणि तुम्ही पेपरची घडी घातली आणि बास म्हणालात. मला विचारलंच नाही, की मी त्याला ओळखत होते का." पुढचं अर्धं इंग्रजीत झालं, अर्धं रडण्यात. 'ळ'चं तर पार वाटोळं झालं.

बाबा आरशातून माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि मागे वळले.

"तू त्याला ओळखत होतीस?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर जूनपर्यंत तरी थांबला असतात का?"

आई समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "मलाही कुणी विचारलं नव्हतं हो. लग्न ठरलं, तिकीट आलं, मी विमानात बसले. त्याचं वाईट झालं असं मी म्हणत नाही. पण हिला विचारा."

मला वाटलं आता ते चिडतील. ते चिडले नाहीत. खाकरले आणि इतक्या अवघडून बोलले, की जणू कुणा परक्या मोठ्या माणसाशी बोलत आहेत. "तुझं काय म्हणणं आहे? तुला जायचंय का?"

"नाही," मी म्हणाले. भाषणाची एवढी तयारी केलेली मी, आणि मला तेवढंच बोलता आलं.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि फोन लावला. आत्याकडे फोन नव्हता. शेजारच्यांकडे लावायचा, मग कुणीतरी तिला जिन्यावरून हाक मारून आणणार. लाइन खरखरत होती आणि त्या काळी पुण्याला फोन म्हणजे सगळं ओरडूनच बोलावं लागे. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो.

"नाही येत ती," बाबा ओरडले. "अगं, जूनमध्ये नाही येत. अॅडमिशनचं बघू नकोस. नाही, तब्येत चांगली आहे. तिला विचारलं, ती नको म्हणाली."

पलीकडे आत्या काय म्हणाली ते आम्हांला ऐकू येत नव्हतं. पण तिच्या ते ध्यानात येत नसावं, कारण बाबा पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. त्यांची मान लाल झाली होती.

"कुणाला म्हणजे?" ते शेवटी ओरडले. "तिला. तिलाच विचारलं."